सणाची शिल्लक

सणाच्या पक्वान्नांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. सणाच्या दुसऱ्या दिवशी त्याच स्वयंपाकघरात जे शिजते त्याविषयी मात्र फारच थोडे. वस्तुतः घरच्या जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले काय, किंवा जड जेवणाने सुस्तावलेल्या शरीराला हव्या असलेल्या विसाव्याच्या दृष्टीने पाहिले काय, हा दुसरा दिवस पहिल्याहून उणा ठरत नाही. आदल्या दिवशी नैवेद्याच्या ताटात मानाने बसलेल्या भात, वरण, पुरण, भाज्या, पुऱ्या यांची जी शिल्लक रात्री झाकून ठेवली जाते, तिचे सकाळी काय करावयाचे हा प्रश्न प्रत्येक घराला पडतो आणि प्रत्येक घर तो आपल्या संस्कारांप्रमाणे, ऐपतीप्रमाणे व सवडीप्रमाणे सोडविते. त्या सोडवणुकीचा साकल्याने आढावा घ्यावा, असा या लेखाचा हेतू आहे.

या आढाव्यासाठी मुंबईची उपनगरे मी निवडली, त्यास सबळ कारण आहे. १९५० साली अंधेरी-घाटकोपरचा आणि १९५७ साली बोरिवली-मुलुंडपर्यंतचा मुलूख मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत सामील झाला. त्यापूर्वी हा साष्टीच्या गावठाणांचा, कोळीवाड्यांचा आणि भातशेतीचा प्रदेश होता; त्यानंतर गिरगाव-दादरच्या चाळींत जागा अपुरी पडलेली मराठी कुटुंबे, कच्छ-काठेवाडातून व्यापारासाठी आलेली घराणी, दाक्षिणात्य नोकरदार, आणि मुळातच येथले असलेले कोळी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती हे सारे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहू लागले. एकाच जिन्यावर एका दारातून गोड्या मसाल्याच्या आमटीचा, दुसऱ्यातून मेथीच्या थेपल्यांचा आणि तिसऱ्यातून चिंचेच्या सांबाराचा वास येतो, अशी वस्ती येथे विरळा नाही. उरलेल्या अन्नाविषयीचे इतके भिन्न दस्तूर इतक्या जवळून पाहण्याची सोय दुसरीकडे क्वचितच मिळेल. हे दस्तूर पाहता पाहता माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. आपल्या जुन्या सणांच्या स्वयंपाकात शिलकीची तजवीज चूल पेटविण्यापूर्वीच झालेली असे. दुसऱ्या दिवशीचा पदार्थ ही नाइलाजाने केलेली डागडुजी नव्हती, तर मूळ बेतातलेच ते एक कलम होते. आणि आज जे अन्न वाया जाते ते बहुतांशी हे कलम बेतातून गळाल्यामुळेच.

शिळ्या अन्नाविषयीचा आपला धार्मिक विचार प्रथम ध्यानात घेतला पाहिजे, कारण त्याने या साऱ्या पाककलेला वळण लावले आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात प्रहर उलटून गेलेले, रस गेलेले, शिळे अन्न तामस लोकांना प्रिय असते असे सांगितले आहे, आणि आयुर्वेदाचाही कल ताज्या, उष्ण अन्नाकडेच आहे. उष्ण व दमट हवेच्या देशात या विधिनिषेधामागे अनुभव होता, हे उघड आहे. जैन आचारात तर हा नियम अधिक कडक आहे: ओलावा असलेले शिजविलेले अन्न रात्र ओलांडून खावयाचे नाही. घाटकोपर-मुलुंडच्या जैन घरांतून या नियमाचे दोन परिणाम स्पष्ट दिसतात. एक, सूर्यास्तापूर्वी ताट आटोपावयाचे असल्यामुळे अंदाज इतका बेताचा असतो की रात्रीसाठी काही उरतच नाही. आणि दुसरा, तव्यावर दाबून दाबून पार कोरडा केलेला खाखरा, ज्यात ओलावा राहिला नाही म्हणून तो बासी ठरत नाही. निषेधाला वळसा न घालता त्याच्या चौकटीतच टिकाऊपणा साधण्याची ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते.

परंतु हीच परंपरा वर्षातून एकदा शिळ्या अन्नालाच सणाचा मान देते. श्रावण वद्य षष्ठीला गुजराती घरांतून रांधणछठ असते. त्या दिवशी थेपले, पुऱ्या, वडे, कोरड्या भाज्या असे सारे रांधून ठेवावयाचे, रात्री चूल निववून तिची पूजा करावयाची आणि दुसऱ्या दिवशी, शीतळासातमीला, अग्नी न पेटविता थंडच जेवावयाचे. त्या दिवसाचे पदार्थ पाहिले तर एकही असा नाही की जो एका रात्रीत बिघडेल: तेलाचे मोहन भरपूर, पाण्याचा अंश अल्प, हळद-तीळ-मेथी सढळ. पुढे अष्टमीचा उपास, आणि नवमीला मराठी घरांतला गोपाळकाला. सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या सोडून एकत्र कालविल्या, ही काल्यामागची कल्पना; आणि त्यातले पोहे, लाह्या, दही, लोणचे, भिजविलेली डाळ, काकडी हे जिन्नस पाहिले तर निरनिराळ्या डब्यांतल्या थोड्याथोड्या शिलकीतून एक पूर्ण अन्न कसे होते याचा तो पाठच आहे. सप्ताहाच्या शेवटी काल्याच्या कीर्तनानंतर हाच प्रसाद वाटला जातो आणि तो घेताना कोण कोणाच्या घरचा याची चौकशी होत नाही. अशा रीतीने चार लागोपाठच्या तिथींत एकाच इमारतीतली दोन शेजारघरे शिदोरीचा आणि शिळ्याचा सत्कार करतात.

आता बेतातच शिलकीची तरतूद करणाऱ्या पदार्थांकडे वळू. त्यांत अग्रमान पुरणपोळीचा. होळीला वा श्रावणी शुक्रवारी पुरणासाठी हरभऱ्याची डाळ लागते त्याहून अधिक पाण्यात शिजवितात. डाळ बोटाने चेपली की रोवळीत उपसतात, आणि खाली जे दाटसर, पिवळे पाणी साठते तो कट. हा कट चुकून उरत नाही, तो मुद्दाम काढून घेतलेला असतो. त्यात मूठभर शिजलेली डाळ वा लिंबाएवढा पुरणाचा गोळा कालवावयाचा, भाजलेले सुके खोबरे व जिरे वाटून घालावयाचे, गोडा मसाला, चिंच, गूळ, तिखट, आणि वरून कढीलिंबाची चरचरीत फोडणी. पोळीचा गोडवा ज्याला सोसवत नाही त्याला ही आमटी त्याच दिवशी तारून नेते. परंतु तिची खरी चव दुसऱ्या दिवशी, मसाला मुरल्यावर, साध्या गरम भातावर. गुजराती घरांत हेच काम ओसामण करते, आणि बेळगाव-धारवाडकडे होळिगेचे सार. पुरण थोडे उरले तर ते कणकेत मळून त्याच्या दशम्या होतात, दुधात सैल करून खीर होते, आणि नागपंचमीच्या दिंडांना तर पुरणच लागते. ज्या घरी पुरण यंत्रातून काढून झाल्यावर यंत्राला चिकटलेले पुरणही गरम दुधाने धुऊन ते दूध मुलांना देत, तेथे कंजुषीचा संबंध नव्हता. अन्नाविषयीचा आदर इतका सूक्ष्म होता.

गणेशचतुर्थीच्या उकडीची गोष्ट याहूनही सुंदर आहे. मोदकांचा अंदाज कितीही चोख बांधला तरी सारण आणि उकड एकाच वेळी क्वचितच संपतात. सारण संपून उकड उरली की कोकणी घरांतून निवगऱ्या होतात. उरलेली उकड पाण्यातेलाच्या हाताने पुन्हा मळून मऊ करावयाची. तीत हिरवी मिरची, जिरे आणि मीठ जाडसर वाटून घालावयाचे, कोथिंबीर असल्यास तीही. मग सुपारीहून मोठी गोळी करून तळहातावर अंगठ्याने मधोमध किंचित चेपावयाची, म्हणजे त्या खळग्यात पुढे तेल थांबते. मोदकपात्र गरमच असते. शेवटचा घाणा उतरला की त्याच हळदीच्या पानांवर या चकत्या ठेवून दहा-बारा मिनिटे वाफ द्यावयाची. बाहेर आल्यावर त्या चकाकतात, हळदीच्या पानाचा सुगंध त्यांनाही लागलेला असतो, आणि वर गोडे तेल वा घट्ट दही घेऊन त्या खाल्ल्या की गोडाने मिटलेले तोंड पुन्हा उघडते. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या वाट्याला अनेकदा सणाच्या दिवशी पहिला घास म्हणून येत असे तो हाच, ओट्याशी उभ्यानेच. हे लक्षात आले म्हणजे त्या पदार्थाविषयी प्रेम वाटते आणि त्या व्यवस्थेविषयी खंतही. याउलट सारण उरले तर गौरीच्या दिवशी त्याच्या पातोळ्या होतात, नाही तर थोडी साखर घालून परतून वड्या. उरलेले मोदक मात्र दुसऱ्या दिवशी वाफवूनच घ्यावेत. ते तळून खाण्याची आवड पुष्कळांना असते, पण उकडीच्या मोदकाची कोमलता त्यात जाते.

प्रसादाचा शिरा टाकावयाचा नाही, हा सार्वत्रिक दंडक. सत्यनारायणाच्या पूजेनंतर घरोघरी उरणारा हा शिरा म्हणजे सांज्याच्या पोळीचे आयते सारण होय. कणकेच्या पारीत भरून तुपावर भाजली की डब्यात नेण्यासारखी पोळी तयार होते. गौरीजेवणाच्या अनेक भाज्यांची हकीकत वेगळी आहे. प्रत्येकीची वाटी-अर्धी वाटी शिल्लक राहते, आणि कोणतीही एकटी पुरत नाही. सुक्या भाज्या, कोशिंबिरीतली काकडी पिळून, थोडा मसालेभात, हे सारे भाजणीत वा ज्वारी-बेसनाच्या पिठात कालवून लावलेले थालीपीठ हा यावरचा सर्वांत निर्वेध उपाय. बटाट्याच्या भाजीला अर्थातच वड्यापासून टोस्ट सँडविचपर्यंत सारे मार्ग मोकळे आहेत. भजी उरली तर आमटीत सोडावी. ती रस पिऊन मऊ होतात आणि भाजीचे काम भागते. खिरीत कणीक भिजवून केलेल्या पुऱ्या, वरणात कणीक भिजवून केलेले पराठे, उरल्या श्रीखंडाच्या वड्या, यादी वाढविता येईल. परंतु या साऱ्यांमागचे सूत्र एकच आहे. ओल्या शिलकीला कोरडे पीठ द्यावयाचे, कोरड्या शिलकीला आंबट रस द्यावयाचा.

या सूत्राच्या उत्तरार्धातच दुसऱ्या दिवशीच्या जेवणातून मिळणाऱ्या समाधानाचे मर्म आहे. सणाचे जेवण गोड, स्निग्ध आणि बहुविध. त्यानंतर शरीर मागते ते आंबट, तिखट, पातळ आणि एकच एक. फोडणीचा भात या मागणीला जसा उतरतो तसा दुसरा कोणताही पदार्थ उतरत नसेल. रात्रभर थंडीत राहिलेल्या भातातला पिष्टांश घट्ट होतो, शिते सुटी होतात. म्हणून ताज्या भाताला फोडणी दिली तर त्याचा लगदा होतो आणि शिळ्याला दिली तर दाणा दाणा वेगळा राहतो. तो आधी हाताने मोकळा करून त्याला मीठ, तिखट आणि चिमूटभर साखर चोळून ठेवावी. तेल सढळ, मोहरी तडतडली की हिंग, हळद, शेंगदाणे, मिरची, कढीलिंब, मग कांदा, आणि कांदा लाल होण्याआधी भात. झाकण ठेवून मंद आचेवर एक वाफ, तळाशी किंचित खरपुडी धरेपर्यंत. वर लिंबू व ओले खोबरे, जोडीला ताक आणि पोह्याचा पापड. पोळ्यांचा कुस्करा याच घराण्यातला. गुजराती शेजारी तीच पोळी ताकात उकळून, वर लसणीची फोडणी देऊन वाडग्यातून खातात, आणि पावसाळी दुपारी ती चव मला आमच्या कोरड्या कुस्कऱ्याहून सरस वाटते, हे येथे नमूद केले पाहिजे. उरल्या वरणात कणकेच्या शंकरपाळ्या सोडून उकळलेली वरणफळे आणि शेजारची दाळढोकळी यांतला भेद तर मसाल्याचाच: एकीत गोडा मसाला, दुसरीत शेंगदाणे आणि दालचिनी-लवंग. कोणाकडून कोणी घेतले याचा वाद घालण्यापेक्षा दोन्ही घरांना उरल्या वरणातून एकच गोष्ट सुचली, यात मला अधिक आनंद वाटतो.

दिवाळीच्या फराळाचा प्रश्न निराळा, कारण तो टिकाऊच असतो. तेथे शिल्लक बिघडत नाही, तिचा कंटाळा येतो. चकलीचा चुरा, शेवेचा भुगा, मऊ पडलेला चिवडा यांना मिसळीत आणि भेळेत मुक्ती मिळते. शेवेची खानदेशी रस्सा भाजी तर स्वतंत्र मानाची. चिरोट्यांचा चुरा गरम दुधात. येथे खरी शिल्लक असते ती कढईतल्या तेलाची, आणि तिच्याबाबत काटकसर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पुन्हा पुन्हा तापविलेल्या तेलात घातक संयुगे वाढत जातात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८पासून व्यावसायिक तळणाच्या तेलात अशा ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरविली आहे. घरी मोजमाप शक्य नाही. म्हणून गाळून ठेवलेले तळणाचे तेल पुढील दोन-चार दिवसांत फोडणीला वापरून संपवावे, आणि ते काळसर, दाट वा फेसाळ झाले असल्यास त्याचा मोह सोडावा.

वेसावे, मढ, गोराई येथील कोळीवाड्यांतून आणि कोकणी घरांतून शिळ्या कालवणाची थोरवी सर्वश्रुत आहे. चिंच-कोकमाच्या आंबटाने मासा टिकतो, आणि रात्रभरात रस त्याच्या अंगात भिनतो. तांदळाच्या भाकरीबरोबर सकाळी ते कालवण खाणारा माणूस ताज्याची वाट पाहत नाही. गोव्यात कालची कडी मातीच्या भांड्यात आटवून पेजेबरोबर घेतात, तो त्याच चवीचा दक्षिणेकडचा आविष्कार. ईस्ट इंडियन समाज — ज्याची संस्था १८८७पासून मुंबईत आहे — नाताळसाठी सोरपोतेल व विंदालू आधीच करून ठेवतो, कारण शिर्क्यात मुरण्यासाठी त्यांना दिवस लागतात; बोरिवली-मरोळच्या गावठाणांत सणानंतरच्या सकाळी फुगे नावाच्या तळलेल्या पावाबरोबर ते खाल्ले जाते तेव्हा ते ऐन भरात असते. बकरी ईदच्या मांसाची व्यवस्था तर वाटपातच आहे; आप्तांचा व गरिबांचा हिस्सा निघाल्यावर घरी राहते त्याचे कबाब आणि खिचडा. जगभर हाच न्याय दिसतो: इटलीतली पुन्हा उकळलेली भाजी-पावाची रिबोलिता असो की फ्रेंचांचा शिळ्या पावाचा दुधाअंड्यातला गोड पदार्थ, गरजेतून निघालेला पदार्थ कालांतराने आवडीचा झाला.

गरज हा शब्द येथे जपूनच वापरला पाहिजे, कारण या शहराने टंचाई फार जवळून पाहिली आहे. १९४३च्या मे महिन्यात मुंबईत शिधावाटप सुरू झाले, आणि मापाने मिळणाऱ्या धान्यातून सण साजरे करण्याची कसरत एका पिढीच्या अंगवळणी पडली. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारचे रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, ते घरोघरी पाळले गेले. १९७२च्या दुष्काळात लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या आणि सुकडी महाराष्ट्राने खाल्ली. त्याच वर्षी गोरेगावच्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढारीपणाखाली बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. स्वयंपाकघरातले हत्यार सार्वजनिक झाले ते या उपनगरांच्या साक्षीने. पाककृतींच्या पुस्तकांत लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१०चे, आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७०ची. या दोहोंमधल्या साठ वर्षांत मराठी गृहिणीचा शिधा कितीदा आकसला आणि सैलावला याचा इतिहास अजून नीट लिहावयाचा आहे. शिलकीचे पदार्थ मात्र बहुतेक तोंडीच राहिले. सासूकडून सुनेकडे, शेजारणीकडून शेजारणीकडे ते गेले, आणि दोन खोल्यांच्या घरात जेव्हा दोघेच मिळवते उरले तेव्हा ती साखळी तुटली.

साखळी तुटली आणि शीतकपाट आले. गोदरेज कंपनीने १९५८ साली भारतात शीतकपाटे बनविण्यास आरंभ केला. तिचा विक्रोळीचा विस्तीर्ण परिसर घाटकोपर-मुलुंडच्या वाटेवरच आहे. त्यापूर्वी जाळीचे कपाट, शिंकाळे आणि थंड पाण्याची परात एवढ्यावरच रात्र निभवावी लागे. म्हणून उरले काय याची दखल झोपण्यापूर्वी घेतलीच जाई. शीतकपाटाने ही निकड काढून टाकली, आणि ठेवण्याची सोय झाली तशी विसरण्याचीही. मागच्या कोपऱ्यात गेलेला वरणाचा डबा आठवड्याने निघतो तेव्हा त्याचे काही करता येत नाही.

शिवाय ते कपाट सर्वशक्तिमान नाही, हे विशेषतः भाताच्या बाबतीत जाणून घेतले पाहिजे. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते शिजण्यातूनही जिवंत राहतात, आणि भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला तर वाढून विष सोडतात. त्यातले एक विष पुन्हा तापविल्यानेही नष्ट होत नाही. म्हणजे सकाळी कितीही कडक फोडणी दिली तरी रात्रीची हयगय भरून निघत नाही. श्रावण-भाद्रपदातली मुंबईची हवा यास फारच अनुकूल. उपाय सोपा आहे: जेवणे उरकताच भात परातीत पातळ पसरून वाफ घालवावी, आणि दोन तासांच्या आत उथळ, झाकणाच्या डब्यातून तो ५ अंशांच्या खालच्या थंडीत ठेवावा, खोल पातेल्यात तसाच ठेवला तर मध्यभाग बराच वेळ कोमट राहतो. दुसऱ्या दिवशी एकदाच, आतपर्यंत वाफ येईल असा तापवावा आणि संपवावा. ओले खोबरे घातलेल्या भाज्या आणि चटण्या सर्वांत आधी खाव्यात. त्यांना दुसरी रात्र दाखवू नये. खोबरे, कोथिंबीर, लिंबू सणाच्या दिवशी सबंध पातेल्यात न घालता वाढताना घालावे, ही जुन्या बायकांची सवय निव्वळ सजावटीची नव्हती. जेवढे पदार्थ अपुरे, बिनखोबऱ्याचे, बिनदह्याचे राखले जातील तेवढे दुसऱ्या दिवशी वळविता येतात.

पैशाचा हिशेबही असाच आधी मांडावा लागतो. उरलेल्या भातात धान्य, पाणी, इंधन आणि श्रम आधीच खर्ची पडलेले असतात. दुसऱ्या दिवशी त्याला लागते ती पळीभर तेलाची फोडणी आणि दहा-पंधरा मिनिटांची आच. एका घरचा एका वेळचा स्वयंपाक त्यात सुटतो, हीच बचत. परंतु अलीकडे शिलकीला नवे रूप देण्याच्या नादात तीत चीज, साय, काजू आणि आणखी चार महाग जिन्नस ओतण्याची जी पद्धत पडत आहे तिला काटकसर म्हणता येत नाही. ताजा स्वयंपाक याहून स्वस्तात झाला असता. पुरणाची कुल्फी करावयाची तर हौसेने करावी, बचतीच्या खात्यावर तिची नोंद करू नये. शिलकीच्या पदार्थाला नवीन खरेदी लागू नये, फोडणीच्या डब्याबाहेर जावे लागू नये, ही कसोटी मला पुरेशी वाटते.

यापुढचा भाग अधिक गंभीर आहे: घरात न खपणारी शिल्लक कोणाला द्यावयाची? या प्रश्नाला आपल्या समाजात एक काळाकुट्ट इतिहास आहे. गावगाड्यात शिळ्या-उष्ट्या तुकड्यांवर ज्यांना जगविले गेले त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत ते तुकडे नाकारण्याचे आवाहन केले. तो अन्नाचा नव्हे, माणुसकीच्या हक्काचा प्रश्न होता, आणि दया पवारांच्या ‘बलुतं’सारख्या लेखनातून त्या तुकड्यांची चव मराठी वाचकाला कायमची कळली आहे. म्हणून उपनगरांतल्या सोसायट्यांतून घरकामाच्या बाईंच्या हाती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आंबूस भाताचे पातेले ठेवून दानाचे समाधान मानणे मला असह्य वाटते. जे द्यावयाचे ते सणाच्याच दिवशी, आपण जेवण्यापूर्वी, वेगळ्या डब्यात काढून, विचारून द्यावे. त्यांना नको असेल तर तो नकारही मानाने घ्यावा. आपण स्वतः जे खाणार नाही ते दुसऱ्याला देण्याची मुभा कोणत्याही धर्माने दिलेली नाही.

सार्वजनिक प्रमाणावर काही उद्योग झाले आहेत. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ साली लग्न-समारंभांतले न वाढलेले अन्न गरजूंपर्यंत पोहोचविण्यासाठी रोटी बँक सुरू केली. पुढे माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी त्याच नावाने मोठी यंत्रणा उभी केली. २०१९मध्ये अशा वाटपासाठी केंद्रीय नियमावलीही झाली. परंतु या संस्थांना सभागृहातले पन्नास माणसांचे अन्न नेणे परवडते, तिसऱ्या मजल्यावरची दोन वाट्या उसळ नव्हे. आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४चा अहवाल सांगतो की २०२२ साली जगात वाया गेलेल्या सुमारे १०५ कोटी टन अन्नापैकी साठ टक्के घरांतूनच गेले; भारतातल्या घरांचा अंदाज दरमाणशी वर्षाला ५५ किलोच्या आसपास आहे. म्हणून शिल्लक वाटण्याआधी ती बेतानेच उरू देणे बरे: सोसायट्यांच्या गणपतीच्या महाप्रसादात अनुभवी आचारी सगळा भात एकदम शिजवत नाहीत. पहिला घाणा निम्म्यावर आला, पंगतीतली डोकी मोजली, की मग दुसरा चढवितात. कार्यकर्त्यांनी घाई केली तरी ते बधत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

टाकलेले अन्न कोठे जाते हे उपनगरांनी नाकानेच जाणले आहे. बोरिवलीजवळचे गोराईचे क्षेपणभूमीचे मैदान २००७ साली बंद झाले, मुलुंडचे २०१८ साली. त्यांच्या शेजारच्या इमारतींतल्या रहिवाशांना त्याआधीची वर्षे विसरता येणार नाहीत. आता घाटकोपर आणि मुलुंड यांच्यामधल्या कांजूरमार्गावर तो भार आहे. २०१७पासून दिवसाला शंभर किलोंहून अधिक कचरा काढणाऱ्या किंवा मोठ्या क्षेत्रफळाच्या गृहसंकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा असा महानगरपालिकेचा हुकूम आहे, आणि अनेक सोसायट्यांनी खतखड्डे केले आहेत. या खड्ड्यांना निर्माल्य, केळीची पाने, भाज्यांच्या साली आणि देठे मानवतात. तेलकट मसालेभात, आमटी आणि पुरण त्यांत गेले की दुर्गंधी सुटते, उंदीर येतात आणि खताची पेटी आठवडाभर बिघडते. म्हणून गौरीजेवणाच्या रात्री बोरिवली-मुलुंडच्या कित्येक इमारतींत खतपेटीशी सूचना लावलेली असते की शिजविलेले अन्न येथे टाकू नये; आणि ती वाचून डबा परत वर घेऊन जाणाऱ्याला त्याची सोय घरच्या ओट्यावरच, झोपण्यापूर्वी, परात काढून करावी लागते.